जुना कटिंग प्लॉटर घेताना आपले ब्लेड सोबत न्या

प्रश्न: म्हापशात गाड्यांचे रेडियम आणि दुकानांच्या पाट्या करायचे काम सुरू करतोय. कळंगुटचे एक दुकान बंद होत आहे. त्यांचा 24 इंची कटिंग प्लॉटर (ब्लेडने व्हिनाइल म्हणजे स्टिकरचा चिकट पत्रा कापणारे मशीन) सात-आठ वर्षे वापरलेला आहे. मालकाने माझ्यासमोर तळहाताएवढा स्टिकर कापून दाखवला, तो स्वच्छ निघाला. एवढ्यावर घ्यावा का? (वाचक, म्हापसा)

उत्तर: एवढ्यावर घेऊ नका. तळहाताएवढा स्टिकर झिजलेले मशीनही नीट कापते. खोट दिसते ती दोन मीटरच्या कामात, आणि टॅक्सीच्या बाजूला लावायचा पट्टा तेवढाच लांब असतो. मालकाकडून निवांत दोन तास मागून घ्या. सोबत मशीनच्या ब्लेड-होल्डरला बसणारे नवे 45 अंशांचे ब्लेड, तीन मीटर व्हिनाइल, तेवढाच साधा कागद, पेन बसवायचा होल्डर, मोजटेप आणि पुढे ज्यावर काम करणार आहात तोच लॅपटॉप न्या.

आधी मशीन बंद ठेवून पाहा. हेड, म्हणजे ब्लेड धरणारा सरकता भाग, हाताने सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवा. मध्येच अडकले तर रूळ घाण झालाय किंवा वाकलाय. बेल्टखाली काळी भुकटी पडलेली असेल तर दाते झिजू लागलेत. व्हिनाइल वरून दाबून धरणारे रबरी पिंच रोलर बोटाने फिरवा. खटका खाली दाबूनच मशीन महिनोन्‌महिने पडून राहिले असेल तर रबर एका बाजूला चपटे होते आणि कागद दर फेऱ्याला हिसका खातो. त्यांच्या खालच्या दांड्यावरचे खरखरीत पट्टे टॉर्च लावून नीट बघा, कारण व्हिनाइल ओढतात ते हेच. त्यांत गोंद बसला असेल तर ब्रशने निघतो. पण समुद्राच्या खाऱ्या हवेने गंज चढून खड्डे पडले असतील, तर ते मशीन सोडून द्या. ब्लेड ज्या पांढऱ्या पट्टीवरून धावते तिच्यावर नख फिरवा. खोल चर लागला तरी घाबरू नका, पट्टी स्वस्तात बदलते.

आता पेन लावा. कागद दोन मीटर पुढे-मागे एकदा नुसता चालवून घ्या आणि मग 500 × 2000 मिलिमीटरचा आयत काढायला सांगा. हेड फिरून सुरुवातीच्या कोपऱ्यावर आले की रेघ रेघेला मिळाली पाहिजे. कागद न काढता तोच आयत आणखी दोनदा काढा. तिन्ही रेघा एकावर एक बसल्या तर मशीनची पकड शाबूत आहे. शेजारी शेजारी दोन रेघा वेगळ्या दिसल्या तर कागद घसरतोय किंवा मोटर पावले चुकतेय. वेग निम्म्यावर आणून पुन्हा पाहा. टेपने मोजल्यावर 2000 च्या जागी दर वेळी 1997 भरले तर तो दोष नव्हे, सेटिंगमध्ये दुरुस्त होतो. एकदा 1997 आणि एकदा 2001 आले, तर ते झिजेचे लक्षण. (दोन्ही कर्ण मोजायलाही विसरू नका, ते सारखे हवेत; लांबी बरोबर 2000 असेल तर सुमारे 2061.5 भरतात.)

मग आपले नवे ब्लेड घाला. पाते होल्डरमध्ये सहज गरगरले पाहिजे, अडले तर आतले बेअरिंग गेले. व्हिनाइलच्या डाव्या टोकाला, मध्ये आणि उजव्या टोकाला चौकोनात गोल असा नमुना त्याच दाबाने कापा. सोलल्यावर मागच्या कागदावर पुसटशी रेघ दिसावी, कागद कापला जाऊ नये. एका टोकाला कापले आणि मध्ये नाही, तर पट्टी किंवा रूळ सरळ नाही. कोपरे गोलसर आले तर आधी ऑफसेट (ब्लेडचे टोक त्याच्या फिरण्याच्या मध्यापासून किती बाजूला आहे ते सांगणारे सेटिंग) बदलून बघा, बहुतेक ब्लेडना 0.25 मिलिमीटरच्या आसपास लागतो. गोलाची टोके तरीही जुळत नसतील, तर होल्डर किंवा हेड सैल आहे.

शेवटी आपल्या लिपीची परीक्षा घ्या. गोव्याच्या गाड्यांवर नेहमी दिसणारे ‘श्री शांतादुर्गा प्रसन्न’ 15 मिलिमीटर उंचीत कापा. त्याआधी शिरोरेघेशी जोडलेली अक्षरे सॉफ्टवेअरमध्ये एकजीव करून घ्या, नाहीतर सांध्यासांध्यावर ब्लेड आडवे फिरेल आणि दोष मशीनचा वाटेल. अक्षरांभोवतीचे नको असलेले व्हिनाइल सोलताना ‘शां’वरचा अनुस्वार आणि ‘र्गा’चा रफार कागदावर राहिला तर समाधानाने पैसे द्या. अनुस्वार सोबत उचलून आला तर दाब आणि ब्लेडची लांबी थोडी बदलून पुन्हा कापा.

लॅपटॉपला मशीन फक्त सिरियल पोर्टने (जुन्या पद्धतीच्या जोडणीने) जोडले जात असेल, तर तुमच्या विंडोजसाठी ड्रायव्हर चालतो का ते तिथेच पाहा. ब्लेड, पट्टी, पिंच रोलर आणि बेल्ट बदलायचे असतील तर त्यांचे पैसे किमतीतून वळते करून घ्या. बोर्ड किंवा मोटर गेलेली असेल आणि सुटे भाग मिळत नसतील, तर फुकट दिले तरी नको.

प्रश्न: उन्हाळ्यात सरळ चालणारे व्हिनाइल पावसात तिरके जाते. मशीन बिघडले का? (वाचक, फोंडा)

उत्तर: बहुधा नाही. व्हिनाइलचा मागचा कागद दमट हवेत ओलावा धरून फुगतो, कडा लाटांसारख्या होतात आणि रोलरखाली एक बाजू जास्त ओढली जाते. रोल प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभा ठेवा, जमिनीवर नको. कापायच्या आदल्या दिवशी कामाच्या खोलीत आणा आणि लागेल तेवढे व्हिनाइल आधी मोकळे सोडा, म्हणजे रोल ओढायचा भार मोटरवर पडत नाही. चवथीच्या आधी काम दाटते तेव्हा ही पाच मिनिटे वाचवू नका.

प्रश्न: 60 अंशांचे ब्लेड कधी? (वाचक, मडगाव)

उत्तर: जाड, रिफ्लेक्टिव्ह किंवा मखमली मटेरियलला. रोजच्या पातळ व्हिनाइलला 45 पुरते.