‘यील्ड’ म्हणजे पीक देणं आणि शरण जाणंही? एकाच इंग्रजी क्रियापदाला हे दोन अर्थ कसे?

दोन वेगळे शब्द योगायोगाने सारखे झाले, असं इथे घडलेलं नाही. क्रियापद एकच आहे. त्याचा मूळ अर्थ मात्र पिकवणंही नाही आणि शरण जाणंही नाही, तर देणं चुकतं करणं.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण 1100 पर्यंत, ते पैसे भरणं, परतफेड करणं, देवाला अर्पण करणं अशा अर्थांनी येतं. जर्मनमधला ‘गेल्ड’ म्हणजे पैसा हा त्याचाच भाऊबंद. जर्मनने ग राखला, इंग्रजीत इ-एसारख्या स्वरांआधी त्याचा य झाला. जर्मन ‘गेस्टर्न’ आणि इंग्रजी ‘यस्टर्डे’ यांतही हाच बदल दिसतो. स्कँडिनेव्हियातून चाल करून आलेल्या व्हायकिंगांनी परत जावं म्हणून इंग्लंडने 991 साली, माल्डनच्या लढाईतल्या पराभवानंतर, 10,000 पौंड मोजले. अशा खंडणीला पुढे ‘डेनगेल्ड’ नाव पडलं, त्यातला ‘गेल्ड’ याच कुळातला. खून झाल्यावर मृताच्या नातेवाइकांना द्यायच्या भरपाईला ‘वर्गिल्ड’ म्हणत, तोही. ‘गोल्ड’शी मात्र नातं जोडू नका. तो पिवळेपणा, चकाकी दाखवणाऱ्या वेगळ्या मूळ शब्दातून आला आहे.

आता देण्यापासून दोन फाटे फुटतात. जमिनीत बी, खत, मेहनत घातली की जमीन त्याची परतफेड करते, हा पिकाचा अर्थ. हरलेला माणूस किल्ला, तलवार किंवा स्वतःलाच समोरच्याच्या हवाली करतो, हा शरणागतीचा. दुसऱ्या अर्थाला फ्रेंचचा हातभार लागला. फ्रेंच ‘रांद्र’मध्ये परत देणं आणि शरण जाणं दोन्ही आधीच होतं, आणि त्याचं भाषांतर करताना इंग्रजीत ‘यील्ड’ वापरलं जाई. शरण जाण्याचा अर्थ 1300 च्या सुमारास दिसतो. ‘पिकाचं उत्पादन’ या अर्थाचं नाम पंधराव्या शतकाच्या मध्याचं.

हा इतिहास वापरताना कामाला येतो. ‘प्रोड्यूस’ लॅटिनमधून आलेलं, मूळ अर्थ पुढे आणणं. आरोपीला कोर्टात ‘प्रोड्यूस’ करतात ते म्हणूनच. त्यात काय घातलं याचा हिशेब नसतो. ‘यील्ड’मध्ये तो बहुतेकदा असतो. कारखाना गाड्या ‘प्रोड्यूस’ करतो, ‘यील्ड’ करत नाही. पण ऊस साखर ‘यील्ड’ करतो. मराठीत यासाठी ‘उतारा’ हा नेमका शब्द आहे: साखर उतारा 11 टक्के म्हणजे 100 किलो उसातून 11 किलो साखर. शब्दकोशांतल्या ‘उत्पन्न’पेक्षा मला हा कितीतरी चपखल वाटतो. रसायनशास्त्रातही तसंच: हिशेबाने 50 ग्रॅम मिळायला हवेत आणि 40 मिळाले, तर यील्ड 80 टक्के.

रोख्यांमध्ये मराठी वृत्तपत्रं ‘परतावा’ लिहितात, आणि तो मूळ अर्थाच्या सर्वांत जवळ आहे. 100 रुपये दर्शनी किमतीच्या, वर्षाला 7 रुपये व्याज देणाऱ्या रोख्याचा भाव 95 झाला, तर चालू यील्ड 7 भागिले 95, म्हणजे सुमारे 7.37 टक्के. व्याज तेवढंच, घातलेला पैसा कमी, म्हणून यील्ड वर. ‘यील्ड वाढलं’ ही बातमी वाचून आपल्या हातातल्या रोख्याची किंमत वाढली असं समजणारे पुष्कळ असतात. घडलेलं असतं उलट.

नमण्याचा अर्थ बांधकामात भेटतो. ‘एफई 500’ सळईतले 500 म्हणजे तिची किमान यील्ड स्ट्रेंग्थ, दर चौरस मिलिमीटरला 500 न्यूटन. त्यापलीकडे ताण गेला की सळई तुटेलच असं नाही, पण भार काढल्यावर पूर्ववत होत नाही.

लिहिताना नेहमी चुकतं ते ‘टू’. पीक, नफा, निकाल यांच्या आधी ते लावायचं नाही: ‘द फील्ड यील्डेड ट्वेंटी क्विंटल्स’. ‘टू’ आलं की अर्थ शरण जाण्याकडे किंवा वाट देण्याकडे वळतो: ‘यील्ड टू प्रेशर’. अमेरिकेत चौकात उलट्या त्रिकोणी पाटीवर ‘यील्ड’ लिहिलेलं असतं, तेही समोरच्याला आधी जाऊ द्या या अर्थानेच. भारतात आणि ब्रिटनमध्ये त्या पाटीला ‘गिव्ह वे’ म्हणतात.