दहाच उरले तर वाचवून काय उपयोग?

प्रश्न: मेक्सिकोत वाकिता नावाचा डॉल्फिनसारखा प्राणी आहे, त्याचे जेमतेम दहाच उरलेत असं वाचलं. मग भावाबहिणीतच पिल्लं होणार, जीन्स बिघडणार, तर एवढा खटाटोप कशाला? आणि आमच्या इथल्या गादा डॉल्फिनांचं पण असंच होणार का?
– एक वाचक, मालवण

उत्तर: प्रश्न रास्त आहे, पण “जीन्सच खराब झालेत, आता काय उरलंय” हे बोलणं जरा सोयीचं पण आहे, कारण मग त्यांना मारणारी मासेमारीची जाळी हटवायचं कुणी बघायला नको. 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला, त्यात 1985 ते 2017 दरम्यान जमवलेल्या 20 वाकितांच्या नमुन्यांवरून त्यांचे अख्खे जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचले. जीन्समधली विविधता खूपच कमी निघाली, पण गंमत अशी की ती आत्ता घटलेली नाहीच, गेली दोनेक लाख वर्षं वाकिता काही हजारांतच होते. मोठ्या संख्येत वाईट जीन लपून राहतो, कारण एका पालकाकडून वाईट प्रत आली तरी दुसरी चांगली असते. थोडक्याच प्राण्यांत मात्र दोन वाईट प्रती पुनःपुन्हा एकत्र येतात, ते पिल्लू जगत नाही आणि तो जीनही त्याच्याबरोबर जातो, असं पिढ्यानपिढ्या होऊन बराच कचरा आधीच गेलेला.

त्याच अभ्यासात कॉम्प्युटरवर हिशोब मांडला, तर जाळ्यातलं मरण पूर्ण थांबल्यास 50 वर्षांत वाकिता संपायची शक्यता 6 टक्के, आणि ते मरण 80 टक्केच कमी केलं तर 62 टक्के! म्हणजे मारतंय ते जाळं. टोटोआबा मासा धरायला लावलेल्या जाळ्यात वाकिता अडकतो, श्वास घ्यायला वर येता येत नाही आणि बुडून मरतो. टोटोआबा आपल्या घोळीच्याच कुळातला, आणि भाव मिळतो तोही बोतालाच, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीला, गिऱ्हाईक चीनमध्ये. 1997 ला वाकिता साडेपाचशेच्या वर होते.

प्रश्न: मग पकडून सुरक्षित ठिकाणी ठेवत का नाहीत? आणि समुद्रातल्या प्राण्याचा डीएनए घेतात तरी कसा?
– एक वाचक, पुणे

उत्तर: ठेवून बघितलं ना. 2017 मध्ये दोन वाकिता पकडले, पहिलं पिल्लू ताण घ्यायला लागलं म्हणून सोडून दिलं, दुसरी मादी मेली आणि मोहीम तिथेच बंद पडली.

डीएनएसाठी बोटीवरून पोकळ टोकाचा छोटा बाण मारतात, तो चामडीचा आणि खालच्या चरबीचा इवलासा तुकडा घेऊन सुटतो आणि पाण्यावर तरंगतो, मग तो उचलायचा. डॉल्फिन दचकतो, आणि बऱ्याचदा थोड्या वेळाने परत बोटीपुढे पोहायला येतो. न्यूझीलंडमध्ये उत्तर बेटाजवळचे माऊई डॉल्फिन असेच मोजतात, डीएनएवरून कोण कोण परत भेटलं ते कळतं. 2020-21 च्या अंदाजात एक वर्षावरचे फक्त 54 निघाले. पण त्याआधी 2010-11 च्या नमुन्यांत दक्षिण बेटाकडच्या ‘हेक्टर’ नावाच्या त्यांच्या जवळच्या भाऊबंद डॉल्फिनच्या दोन माद्या सापडल्या होत्या, किमान 400 किमी पोहून आलेल्या! त्यांनी तिथे पिल्लं दिली तर माऊईंना नवं रक्त मिळेल, फक्त मधल्या पाण्यात जाळ्यात सापडायला नकोत.

आता मालवणच्या वाचकांचं राहिलं. गादा हा हंपबॅक डॉल्फिन, संकटग्रस्त म्हणून नोंदलेला, खोल समुद्रात फार जात नाही, किनाऱ्याला धरूनच राहतो, म्हणजे नेमका जिथे जाळी जास्त तिथेच. मधला एखादा पट्टा रिकामा झाला तर दोन्हीकडच्यांची गाठभेट बंद, आणि मग तुम्ही म्हणता तो आपसातला प्रकार सुरू होतो. त्यामुळे मेलेला गादा किनाऱ्याला लागला तर हात न लावता आणि पुरायच्या आधी वनखात्याला कळवा, त्या चामडीतूनही डीएनए निघतो, फक्त लवकर, उन्हात कुजला की मिळणं अवघड होतं.