ओएक्स-के १:८० आलं, आता पुढे काय?

प्रश्न : भातकापणीनंतर वडिलांना आठ दिवस ताप आहे. मलेरिया, डेंग्यू नाही. वील-फेलिक्स चाचणीत ओएक्स-के १:८० आलंय. एक डॉक्टर लगेच डॉक्सिसायक्लिन चालू करा म्हणतात, दुसरे आणखी तपासण्या होईपर्यंत थांबा म्हणतात.
– वाचक, जांबोटी (ता. खानापूर)

उत्तर : थांबू नका. आजच तपासणीसाठी रक्त द्या आणि लगेच डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या चालू करा. वील-फेलिक्स ही स्क्रब टायफसची, म्हणजे चिगर या अगदी बारीक किड्याच्या चाव्यातून येणाऱ्या तापाची चाचणी. या तापात उशीर झाला की फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदू यांवर येतं.

१:८० (म्हणजे रक्तातला द्रव ८० पट पातळ केला तरी चाचणी उमटते) वरून हो किंवा नाही, काहीच ठरत नाही. या चाचणीत स्क्रब टायफसचा मूळ जंतू नसतोच. प्रोटियस नावाच्या दुसऱ्याच जंतूच्या (ओएक्स-के ही त्याची एक जात) गुठळ्या होतात का, एवढंच पाहतात. लघवीत प्रोटियसचा संसर्ग असला तरी ती उमटते. उलट पहिल्या आठवड्यात खऱ्या रुग्णातही ती कोरी (निगेटिव्ह) येते, कारण प्रतिपिंडं तोवर तयार झालेली नसतात. आयजीएम एलायझा, म्हणजे स्क्रब टायफसचीच प्रतिपिंडं शोधणारी रक्ततपासणी, करून घ्या.

त्याआधी अंग नीट तपासा. काख, जांघ, नाडी बांधतो ती जागा, गुडघ्यामागची घडी. चिगर चावला तिथे न दुखणारी, न खाजणारी काळी खपली असते, म्हणून रुग्ण ती सांगतच नाही. घामाच्या जागी खपली न धरता नुसता पिवळट व्रणही दिसतो. तो सापडला तर निदान जवळपास झालंच.

प्रौढांना डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, ७ दिवस. भरपूर पाण्याबरोबर घ्यावी, नंतर अर्धा तास आडवं होऊ नये. गोळी अन्ननलिकेत अडकली तर जखम होते. गरोदर बाईला अझिथ्रोमायसिन देतात. सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन या इंजेक्शनचा इथे उपयोग नाही. ४८ तासांत ताप उतरला नाही तर दुसरा आजार शोधावा. धाप किंवा गुंगी असेल तर थेट मोठं रुग्णालय गाठा: भारतातल्या रुग्णांवरच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गंभीर आजारात डॉक्सिसायक्लिन व अझिथ्रोमायसिन शिरेतून एकत्र देणं एकेका औषधापेक्षा सरस ठरलं.

प्रश्न : स्क्रब टायफसच्या पीसीआरसाठी (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) खपली कशी पाठवावी?
– लॅब टेक्निशियन, निपाणी

उत्तर : निर्जंतुक चिमट्याने कड उचलून अख्खी खपली कोरड्या निर्जंतुक नळीत ठेवा. निघत नसेल तर सलाईनने ओला केलेला स्वॅब व्रणाच्या तळावर घासा. फॉर्मलिन घालू नका, डीएनए तुटतो. सोबतचं रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत घ्या. हेपॅरिनची नळी नको, हेपॅरिन पीसीआरची क्रिया अडवतं. नमुना बर्फाच्या डब्यातून पाठवा. औषध चालू झालेलं असलं तरी खपली पाठवाच, रक्त कोरं आलं तरी तीत जंतूचा अंश बरेचदा सापडतो.