घर विकत घेण्याआधी वाळवी लागली आहे का, हे कसं तपासावं?

घर पसंत आहे, मालक म्हणतात लाकूड ठणठणीत आहे आणि लवकरच विसार द्यायचा आहे, असं तुम्ही लिहिलंय. विसार देण्याआधी टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन एकदा घर बघाच. किडे शोधत बसू नका, ओल शोधा. जमिनीतल्या वाळवीला ओल लागतेच, त्यामुळे मोरीच्या मागची भिंत, सिंकखालचं कपाट, गळक्या पाइपाजवळच्या दाराच्या चौकटी, जिन्याखालची जागा इथून सुरुवात करा.

बाहेरून जोत्याच्या कडेने पूर्ण फेरी मारा. मातीतून भिंतीवर चढलेल्या, साधारण पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवीचीच वाट. एखादी नळी फोडून बघा. आत पांढुरके किडे दिसले तर वाळवी चालू आहे. नळी कोरडी निघाली म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, वाळवी जागा बदलते.

चौकटी खालून वर ठोकत जा. पोकळ आवाज आला तर मालकांची परवानगी घेऊन तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. वाळवी आतून खाते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवते, त्यामुळे रंग दिलेली चौकट वरून धडधाकट दिसते. सगळं घर जुनं आणि एकाच चौकटीला ताजा रंग, असं असेल तर मी तिथेच जास्त वेळ घालवेन.

खिडकीच्या कट्ट्यावर गळलेले पंख सापडले तर नीट बघा: वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात, मुंगीचे पुढचे मोठे. कोरड्या लाकडातली वाळवी माती आणत नाही, तिची विष्ठा खसखशीसारखी दाणेदार पडते. बारीक गोल भोकं आणि खाली मऊ भुकटी असेल तर भुंगेरे.

पोटमाळा आणि वासे चुकवू नका.

जमिनीच्या कडेला सिमेंटने बुजवलेली, ओळीत पाडलेली भोकं दिसली तर तिथे बहुधा औषध टाकलेलं आहे. त्यात वाईट काही नाही, पण केव्हा टाकलं आणि हमी किती वर्षांची, याचा कागद मागा. भिंतीच्या आतलं आणि पक्क्या बसवलेल्या कपाटामागचं तुम्हाला दिसणार नाही. म्हणून मालकांशी संबंध नसलेल्या जाणकाराकडून लेखी अहवाल घ्या आणि वाळवी निघाल्यास विसार परत मिळेल, अशी अट करारात घालून घ्या. मालक त्याला तयार नसतील तर मी सही करणार नाही.