निळं तळं गायब झालं की तिथेच थांब

रत्नागिरीत राहून ग्रीनलँडच्या बर्फाचा अभ्यास कसा करणार, ही शंका आधी सोड. सेंटिनेल-२ आणि लँडसॅट उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात. नैर्ऋत्य ग्रीनलँडची जून ते ऑगस्टची चित्रं लागोपाठ बघ. बर्फावर निळी तळी साचलेली दिसतील, आणि एखादं तळं पुढच्या चित्रात नसेलच. ते गेलं कुठे, हा खरा प्रश्न.

२००६ च्या जुलैत असंच एक तळं सुमारे दीड तासात रिकामं झालं. पाणी बर्फापेक्षा जड, त्यामुळे भेगेत भरलं की ती फाडत तळापर्यंत जातं. तिथे बर्फ जवळजवळ एक किलोमीटर जाड होता! खाली पोचलेल्या पाण्याच्या दाबाने तो एक मीटरहून जास्त उचलला गेला. अशी खडकावरची पकड सैल झाली की बर्फ भरभर सरकतो. पावसाळ्यात आपल्या घाटांत दरड सुटते तीही बरेचदा पाण्याच्या दाबानेच, म्हणून तुला हे लवकर उमगेल.

मात्र नवशिके इथे घाई करतात. जास्त वितळ म्हणजे जास्त वेग, असं लिहून मोकळे होतात. २००२ साली उन्हाळी वेगवाढीचा शोधनिबंध आला तेव्हा भीती तीच होती. पुढे कळलं, पाणी सतत येत राहिलं की तळाशी मोठे बोगदे कोरले जातात, दाब उतरतो, वेगही उतरतो. म्हणून वर्षभराची सरासरी काढल्याशिवाय निष्कर्ष लिहू नकोस. समुद्राला मिळणाऱ्या हिमनद्या वेगळ्या ठेव. त्यांच्यावर समुद्राच्या उबेचाही मोठा परिणाम होतो.