कोळसा खाणीची कंपनी 'कार्बन कमी करतो' म्हणते म्हणजे नेमकं काय करते?

मेन म्हणजे खाणीतला मिथेन पकडते आणि डिझेल-वीज कमी जाळते, बास. मिथेन 100 वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 28 पट तापवतो, म्हणून भूमिगत खाणीत आधी बोअर मारून तो ओढून घेतात, त्याच्यावर वीज करतात नायतर निदान जाळून तरी टाकतात. उघड्या खाणीत हे फारसं जमत नाही, तिथं ट्रकऐवजी कन्व्हेयर बेल्ट, रिकाम्या जागेवर सोलर असलं चालतं. मी सांगलीचाच, वणीकडं खाणीवर मेंटेनन्सला होतो त्यामुळं हे बघितलंय. फक्त एक, तो कोळसा पुढं कुठल्या थर्मलला जळो नाहीतर आपल्या कुपवाडच्या बॉयलरात, टनामागं दीडेक टन कार्बन डायऑक्साइड निघतोच, आणि तो 'स्कोप 3', म्हणजे विकलेला माल गिऱ्हाइकानं वापरताना निघणारा कार्बन, बऱ्याच कंपन्या टार्गेटमध्ये धरतच नाहीत, रिपोर्टात आधी ते बघा.