टोपी राहू दे

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. आंबाबागेच्या नेपाळी राखणदाराचा मुलगा डिसेंबरात तुझ्या तिसरीत आला, मराठी येत नाही, खिचडीच्या पंगतीत भिंतीकडे तोंड करून जेवतो. तुझी तगमग कळली. पण पुढे लिहितेस की, सगळ्यांना आदर वाटावा म्हणून २६ जानेवारीला त्याला नेपाळी टोपी घालून स्टेजवर उभं करणार. तिथे मी अडकले.

नको करूस. पोराला वेगळं उभं करू नकोस. शिक्षा म्हणून नको, हे तुला माहीतच आहे. कौतुक म्हणूनही नको, हे कुठल्या प्रशिक्षणात सांगत नाहीत. आधीच सगळी वाडी त्याच्याकडे बघते. त्यात तू त्याला मधोमध नेऊन ठेवणार.

मोफत गणवेशाचं आठव. २०२३ मध्ये तो सरसकट सगळ्यांना झाला. त्याआधी सगळ्या मुलींना मिळायचा, मुलग्यांत मात्र फक्त अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या. आणि वाटप कसं? भर वर्गात यादी वाचायची, ‘अमक्या जातीचे कोण, हात वर करा.’ देणाऱ्याचा हेतू चांगलाच, पण पोरगं कापड घेऊन जागेवर परत येईपर्यंत शेजारच्याने त्याची जात मोजलेली असायची. मी ती यादी वर्गात कधी वाचली नाही. संध्याकाळी बौद्धवाडी, खारवीवाडी करत घरोघर जाऊन आईबापांच्या हातात गणवेश दिले, तिथेच सह्या घेतल्या. हेडमास्तर म्हणाले, नियमात बसत नाही. म्हटलं, सह्या पुऱ्या आहेत ना, मग बसवा.

तू म्हणशील, ज्याला जास्त गरज आहे त्याच्याकडे वेगळं लक्ष द्यायलाच हवं की. द्यायला हवं, कोण नाही म्हणतंय? पण पोर हलवायच्या आधी वर्ग हलव. माझ्याकडे एका मुलीला कमी ऐकू यायचं. तिला पहिल्या बाकावर बसवा, असा सल्ला मिळाला होता. मी बाकच काढले आणि सगळा वर्ग अर्धगोलात खाली बसवला. तिला माझे ओठ दिसायला लागले आणि मला मागे बसून चिंचोके खेळणारे दिसायला लागले. फळ्याकडे तोंड करून बोलायची माझी सवय तेवढी मोडावी लागली.

तुझ्या पोराचंही तसंच कर. नेपाळी देवनागरीतच लिहितात, हे तुझ्या लक्षात आलंय का? बोली वेगळी असली तरी अक्षरं तुझ्या फळ्यावरचीच आहेत. चारचार जणांचे गट पाड, वस्तूंची चित्रं दे, प्रत्येकाने घरी त्या वस्तूला काय म्हणतात ते लिहायचं. खारव्यांची पोरं एक लिहितील, मोहल्ल्यातली दुसरं, हा तिसरं. सगळ्यांचे कागद एकाच भिंतीवर लाव.

पंगतीतल्या जागा दर सोमवारी चिठ्ठ्या टाकून बदल, सगळ्यांच्या. तुझी चिठ्ठीही त्यातच. पहिल्याच आठवड्यात कोणाची तरी आई तक्रार घेऊन येईल. माझ्याकडे व्यवस्थापन समितीतले चौघे आले होते, कारण बौद्धवाडीतली बाई खिचडी शिजवायची आणि काही पोरं घरून डबे आणायला लागली होती. मी डबे बंद केले आणि रोज पहिलं ताट माझं वाढून घेतलं. त्या गावात नंतर मला कोणी गणपतीला बोलावलं नाही. पुढे बदली झाली. त्या घरांतल्या आरत्या मला पाठ होत्या गं. वाईट वाटतं अजून. पण गोड बोलून जमलं असतं, असं जे सांगतात ना, त्यांच्या शाळेत डबे चालूच राहिले. मला हट्टी म्हणतात, म्हणू देत.

महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला होता. पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, तोही सत्याग्रह करून. आपल्याकडे दर वर्षी पोरं त्यावर खणखणीत भाषणं करतात. तू भाषण ऐकू नकोस, सुट्टीत नळापाशी जाऊन उभी राहा. आधी कोण पितं, कोणाच्या ओंजळीत दुसरा वरून ओततो, झाडू कायम मुलींच्याच हातात का, हे बघ. समावेशक शिक्षणाची फाईल नंतर भर. आणि हजेरीपटात आधी मुलगे, मग मुली असतील तर नावं अकारविल्हे लाव, उद्याच.

आता कागदांचं. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ काढून दाखव. वयाप्रमाणे तिसरीत बसवलंस ते बरोबरच केलंस. दुसरीत ढकला म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. आंबा संपला की ही माणसं कधी बिऱ्हाड हलवतील सांगता येत नाही, तेव्हा बापाला आत्ताच सांगून ठेव की शाळा सोडल्याचा दाखला घेतल्याशिवाय जाऊ नका. केंद्रप्रमुख कुरकुरले तर मला फोन लावून दे. चौथीला माझ्याच वर्गात होते ते.

तुझी,
बाई